लाल बाहेर, हिरवं आत

बनसोडेबाईंच्या पर्समध्ये नेलपॉलिशच्या तीन बाटल्या असायच्या. लाल, हिरवी आणि पिवळी. पण त्यांच्या स्वतःच्या नखांना रंग मी कधी बघितला नाही. बाटल्या वायरींसाठी होत्या.

आमचं हॉस्पिटल डोंबिवली पूर्वेला, मानपाड्याच्या बाजूला, चार मजल्यांचं. मी तिथला वायरमन. माझं शिक्षण चौथी आणि ते मी कुणापासून लपवलेलं नाही. चौथीच्या जोरावर एमआयडीसीतल्या निम्म्या कारखान्यांच्या मोटारी चालत्या ठेवल्या. रिटायर झाल्यावर हॉस्पिटलवाले मला बोलवायला आले, मी त्यांच्या दारात गेलो नव्हतो. एवढं आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे सांगायचंय त्यात माझी मान खाली जाणार आहे.

बाईंचं नाव वैशाली बनसोडे, राहणार कळवा, वय पन्नाशीच्या जरा अलीकडे. हॉस्पिटलचे सगळे कॉम्प्युटर त्यांच्याकडे. पहिल्या दिवशी त्या जिन्याशेजारच्या खोलीत आल्या, माझ्या वायरींचा जुडगा बघितला आणि एक वायर धरून विचारलं, "ही कुठे जाते?"

"मला माहितीये," मी म्हटलं.

"तुम्हाला माहितीये हो. उद्या तुम्हाला ताप आला तर मी भिंतीला विचारू का?"

आणि मग ती वायर हातात धरून त्या चालत निघाल्या. जिन्यातून वर, छताच्या कडेने, एक्स-रेच्या खोलीपर्यंत. तिथे टोक सापडलं तेव्हा दोन्ही टोकांना चिठ्ठी लावली. अशा चाळीस-पन्नास वायरी. तीन दिवस मी शिडी धरून त्यांच्या मागे. शिव्या देत होतो, मनात. चौथ्या दिवशी एक वायर मला वाटत होती तिथे जात नव्हती असं निघालं. बाईंनी चिठ्ठी लावली आणि पुढची वायर धरली. मी शिडी उचलली.

त्या खोलीत एक काळा डबा होता. बाहेरचं इंटरनेट हॉस्पिटलात यायचं ते त्या डब्यातून. बाई त्याला फायरवॉल म्हणायच्या, मी डबा म्हणायचो. सहा महिन्यांनी त्याही डबाच म्हणायला लागल्या. तेवढा एक विजय माझा. डब्याला मागे दोन दारं. एकात बाहेरची लाइन, त्याला बाईंनी लाल ठिपका दिलेला. दुसऱ्यात हॉस्पिटलची लाइन, त्याला हिरवा. "लाल बाहेर, हिरवं आत," एवढंच मला शिकवलेलं. पण डब्याच्या पोटात या दारांना रंग नव्हते, नंबर होते. लाल म्हणजे शून्य नंबर, हिरवं म्हणजे एक. आणि पोटात एक यादी होती. शून्य नंबरवरून कोणी आलं तर आत घेऊ नका, एक नंबरवरून कोणी निघालं तर या या कामासाठी जाऊ द्या, अशी.

त्या यादीवरून बाईंची अख्ख्या हॉस्पिटलशी भांडणं. एकदा एक मोठे सर्जन खाली आले. त्यांना केबिनमध्ये क्रिकेट बघायचं होतं.

"मॅडम, तुम्ही मला ओळखत नाही का?"

"मी ओळखते सर. डबा ओळखत नाही. तो फक्त यादी वाचतो."

"मग घाला माझं नाव यादीत."

"कुठल्या कामासाठी म्हणून घालू?"

सर्जन पाय आपटत गेले. मी हसलो तर बाईंनी माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं. "नाना, हसू नका. आधी सगळ्यांना नाही, मग ज्याचं काम त्याला हो. तुमचा पंपाचा बोर्ड तुम्ही कोणालाही उघडू देता का?"

देत नाही. तिथे मला बाई पटल्या.

त्यांची आणखी एक सवय होती, तिचा मला राग यायचा. डब्यात काही बदल लिहिला की शेवटचं बटण दाबण्याआधी दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवायच्या आणि मनातल्या मनात दहा मोजायच्या. मग पडद्यावरचं पुन्हा एकदा वाचायच्या आणि मग बटण. मी म्हटलं, बाई, देवळात आलोय का आपण? तेव्हा त्यांनी सांगितलं. आधीच्या नोकरीत साहेब डोक्यावर उभा होता, लवकर लवकर करत होता, म्हणून त्यांनी यादीच्या सगळ्यात वर एक ओळ घातली की सगळ्यांना सगळं चालेल. दहा मिनिटांसाठी. यादी वरून खाली वाचली जाते, पहिली ओळ जुळली की डबा पुढचं वाचतच नाही. ती ओळ काढायची राहिली. चार दिवसांनी बाहेरून कोणीतरी आत शिरलं आणि पेशंटचे सगळे कागद कुलूपबंद करून टाकले. "ते दहा मिनिटांचे दहा आकडे मोजते," बाई म्हणाल्या आणि डबा उघडून चपाती खायला लागल्या. तो जेवणाचा डबा.

जे काही होईल ते त्या एका लांबट रजिस्टरात लिहायच्या. काय झालं, का झालं, कोणी केलं. स्वतःच्या चुका त्याच अक्षरात, त्याच शाईत.

आता दसऱ्याचं सांगतो. दसऱ्याला मी माझी सगळी यंत्रं बंद करतो, पुसतो, हळदकुंकू लावतो, झेंडूचा हार घालतो आणि नारळ फोडून पुन्हा चालू करतो. पंप, जनरेटर, लिफ्टची मोटार. हत्याराला वर्षातून एक दिवस खाली ठेवायचं असतं, हे माझ्या बापाने मला शिकवलं. पहिल्या वर्षी मी बाईंना म्हटलं, तुमच्या डब्यालाही. त्यांच्या घरी आमच्यासारखी पूजा नसते. दसऱ्याला त्या पांढरी साडी नेसून कळव्याच्या विहारात जातात, त्यांचा तो मोठा दिवस. पण त्या नाही म्हणाल्या नाहीत. आदल्या दिवशी स्वतः डबा बंद करून दिला, दहा मिनिटं बाजूला उभ्या राहिल्या, म्हणाल्या, "पाणी तेवढं शिंपडू नका." आणि रजिस्टरात लिहिलं, 'पूजेसाठी बंद, नाना.' माझं नाव त्या रजिस्टरात पहिल्यांदा आलं ते असं. दुसऱ्या वर्षीही तसंच.

तिसऱ्या वर्षी दसऱ्याच्या आधी इंटरनेटची लाइन सारखी जायला लागली. बाईंनी दुसऱ्या कंपनीची एक जादा लाइन घेतली. डब्याला तिसरं दार नव्हतं, म्हणून बोटाएवढा एक जोड आणला आणि चालू डब्याच्या मागे खुपसला, त्यात ती लाइन. मला बोलावून दाखवलं.

"नाना, हा पाहुणा आहे. डबा चालू आहे तोवर शहाण्यासारखा वागेल. पण बंद करून चालू केला तर हा आधी उठून बसेल आणि शून्य नंबर स्वतःच घेईल. मग पुढचे सगळे एकेक नंबर सरकणार. सोमवारी मी नावं पक्की करते. तोपर्यंत डबा बंद करायचा नाही."

"शनिवारी दसरा आहे."

"या वर्षी चालू डब्यालाच हार घाला."

मी मान हलवली. पण मनात बसलं नाही. चालू यंत्राची पूजा म्हणजे झोपेत नसलेल्या माणसाला अंगाई. आणि खरं लिहायचं तर मनात असंही आलं की हिचा सण नाही, हिला काय त्याचं. हे मी आज लिहितोय तेव्हाही हात अडतो. ज्या बाईने दोन वर्षं माझ्यासाठी उभं राहून डबा बंद केला, तिच्याबद्दल मी असं म्हटलं.

शनिवारी सकाळी फाटकावरच्या इंदूबाईकडून हार घेतले. इंदूबाई आमच्या फाटकाशी बसून फुलं विकायची, हार ओवायची. बोटं अशी चालायची की बघणाऱ्याला दोरा दिसायचा नाही. "नाना, एक लहान जास्तीचा देते," ती म्हणाली, "तुमच्या त्या काळ्या डब्याला." म्हणजे तिलाही ठाऊक होतं.

मी डबा बंद केला. वायरी काढल्या, फडक्याने पुसलं, लाल लालमध्ये, हिरवी हिरव्यात, पाहुणा होता तिथे. एकही चुकली नाही, छातीवर हात ठेवून सांगतो. हळदकुंकू लावलं, हार घातला, चालू केला. दिवे लागले. मी मनात म्हटलं, बघा, काही होत नाही. आणि पंपाकडे गेलो.

पंधरा मिनिटांनी इंदूबाई फाटकावर फुलांच्या टोपलीवर कोसळली. तोंड वाकडं, उजवा हात लुळा. आमच्याच लोकांनी उचलून आत आणली. मेंदूचा स्कॅन झाला. रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन द्यायचं की नाही हे ठरवायचं होतं. डोक्यात रक्तस्राव असेल तर त्याच इंजेक्शनने माणूस जातो. ते बघणारे तज्ज्ञ सुट्टीवर, ठाण्याला घरी. त्यांच्याकडे चित्रं पाठवायची तर जाईनात. ड्यूटीवरच्या डॉक्टरबाईने मोबाइलवर फोटो काढून पाठवले. तज्ज्ञ म्हणाले, यात कडा दिसत नाहीत, अशा फोटोवर मी इंजेक्शन सांगणार नाही. दुसरीकडे हलवायचं तर दसऱ्याची गर्दी, शिळफाट्यालाच तास गेला असता.

आमचे मॅनेजर साळवी खोलीत धावत आले. बाईंना फोन लावला. त्या विहारात होत्या. त्यांनी कळव्याहून फोनवरून डब्यात शिरायचा प्रयत्न केला, जमेना. मग म्हणाल्या, नानांना द्या.

"नाना, डबा बंद झालेला का?"

साळवी माझ्या तोंडाकडे बघत होते.

"नाही," मी म्हटलं.

"लाइट गेलेली?"

"नाही."

"पूजा केलीत?"

"हार घातला फक्त."

 पलीकडे लांबून बुद्धवंदना चालल्याचा आवाज येत होता. मग म्हणाल्या, "निघते मी."

मी हो म्हटलं असतं तर काम पाच मिनिटांचं होतं. तो पाहुणा उपटायचा आणि डबा बंद करून चालू करायचा. हे मला नंतर कळलं.  तेव्हा काय करायचं ते नेमकं माहीत नव्हतं, पण माझ्यामुळे झालंय हे माहीत होतं. साळवी बाहेर गेले तशी मी पहिली गोष्ट काय केली, तर रुमालाने डब्यावरचं कुंकू पुसलं.

कळवा ते मानपाडा, मुंब्र्याच्या बायपासने, भावाच्या स्कूटरवर. पन्नास मिनिटं. पन्नास मिनिटं फोन माझ्या खिशात होता. मी स्टुलावर बसून होतो. डॉक्टरबाई दर दहा मिनिटांनी दारात यायची. "आल्या का?" नाही. "जितका उशीर तितका हात जाणार तिचा," ती एकदा म्हणाली, माझ्याकडे बघून नाही, भिंतीकडे बघून. बाहेर इंदूबाईची सून टोपली कुशीत घेऊन बसलेली. मी दोनदा फोन बाहेर काढला. दोनदा आत ठेवला. आयुष्यात कोणासमोर चुकलो म्हटलं नव्हतं आणि सुरुवात साळवींसमोर करायची नव्हती. एवढंच कारण. दुसरं नाही.

बाई आल्या त्या पांढऱ्या साडीत, पदर खोचलेला, केस वाऱ्याने विस्कटलेले. आल्या आल्या डब्याला पडदा जोडला, वाकून बघितलं आणि पहिलं काम केलं ते लाल वायर उपटून हातात घेतली.

साळवी ओरडले, "मॅडम, लाइन काढताय? आम्हाला लाइन पाहिजे!"

"बाहेरच्याला डबा घरातला समजतोय आणि घरातल्यांना कडी लागलीय. दार सताड उघडं आहे सर. आधी ते लावू दे."

"ते नंतर. सगळ्यांना सगळं उघडून टाका. पेशंट जातोय तिथे."

"नाही."

"माझी ऑर्डर आहे."

"लिहून द्या. मी तरी उघडणार नाही. तिसऱ्या मजल्यावर मशिनवर चार माणसं आहेत, ती मशिनं याच वायरीवर आहेत. मला पाच मिनिटं द्या."

बोलता बोलता पडद्यावरची एक ओळ त्यांनी वाचली. डबा किती वेळ चालू आहे ते तो सांगतो, हे मला माहीत नव्हतं. मागच्या दसऱ्यापासून चालू असायला हवा होता. तिथे दीड तास आणि काही मिनिटं लिहिलेलं. बाईंनी ती ओळ वाचली आणि मान वळवून माझ्याकडे बघितलं. डब्याच्या कडेला मी पुसायचा राहिलेला हळदीचा पट्टा होता. तोही बघितला. मग पुन्हा पडद्याकडे वळल्या.

"काय झालंय?" साळवी.

"नवीन जोडामुळे दारांचे नंबर सरकलेत. तो मी लावलेला, सोमवारवर टाकलेलं काम माझं." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "नाना, पाहुणा काढा. डबा बंद करा. वीस मोजा. चालू करा."

मी केलं. प्लग दुसऱ्या खेपेला बसला. दिवे लागायला तीन मिनिटं.  दिवे लागल्यावर बाईंनी यादी वाचली, वरपासून खालपर्यंत, बोट पडद्यावर फिरवत. लाल वायर दाराशी नेली आणि थांबल्या. वायर धरलेला हात मांडीवर, दुसरा हातही मांडीवर.

"अहो मॅडम!" साळवी रडायच्या बेतात आलेले.

बाईंचे ओठ हलत होते. आठ. नऊ. दहा. मग वायर आत खट्कन बसली.

वरून डॉक्टरबाईचा आवाज आला, चित्रं चालली. थोड्या वेळाने ठाण्याहून उत्तर आलं, रक्तस्राव नाही, इंजेक्शन द्या.

साळवी वर पळाले. आम्ही दोघं राहिलो. मला वाटलं आता बोलतील. त्यांनी पाहुणा पुन्हा खुपसायला लावला. म्हणाल्या, "आता एकेका दाराचा दिवा लुकलुकवते. कुठला लुकलुकतो सांगा." मी डब्याच्या मागे गुडघ्यावर. लाल, मी म्हणायचो. हिरवा. पाहुणा. प्रत्येक दारावर कारखान्यातच कोरलेला एक लांब आकडा असतो, तो काही केल्या बदलत नाही. बाईंनी त्या आकड्यांना नावं बांधली. शून्य, एक, दोन काढून टाकलं आणि इंग्रजी अक्षरांत लिहिलं, बाहेर, आत, राखीव. यादीतही तीच नावं. मग पर्समधून पिवळी बाटली काढली. ती तोवर कधी उघडलेली मी पाहिली नव्हती. पाहुण्यावर पिवळा ठिपका दिला. नंतर मला डबा तीनदा बंद-चालू करायला लावला. तिन्ही वेळा नावं जागेवर.

उठल्या तेव्हा त्यांच्या पांढऱ्या पदराला हळद लागलेली. त्यांनी ती झटकली, गेली नाही.

इंदूबाई वाचली. बोलणं परत आलं, पाय आला, उजवा हात खांद्यापासून मनगटापर्यंत आला. बोटं आली नाहीत. मी एकदा डॉक्टरबाईला विचारलं, पन्नास मिनिटं आधी मिळालं असतं तर? ती म्हणाली, "नाना, ते कोणीच सांगू शकत नाही." मला कोणीतरी सांगायला हवं होतं.

सोमवारी बाईंनी रजिस्टर लिहिलं. सगळं. जोड कधी लावला, काय बिघडलं, कसं दुरुस्त केलं. एक ओळ कोरी सोडली. 'डबा बंद कोणी केला' आणि पुढे जागा. रजिस्टर माझ्यासमोर ठेवलं, पेन वर ठेवला.

"फोनवर मी विचारलेलं नाना."

"हो."

"मी लिहिणार नाही ते. माझ्या अक्षरात ते चहाडी होईल."

मी पेन उचलला नाही. त्यांनी रजिस्टर मिटलं. त्यानंतर दीड वर्ष आम्ही एकत्र काम केलं. माझ्याशी वागणं तसूभर बदललं नाही, तेच नाना, तीच शिडी. पण दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी रजिस्टर त्या पानावर उघडं असायचं आणि पेन वर. मी खोलीत यायचो, बाई एकदा माझ्याकडे बघायच्या, मी पाना-पक्कड घेऊन निघून जायचो. माझा हट्ट किती जुना आहे हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांचा किती जुना आहे हे मला.

मग त्यांना ठाण्याला माजिवड्याच्या मोठ्या हॉस्पिटलात नोकरी लागली. शेवटच्या दिवशी त्यांनी नव्या माणसाला सगळ्या वायरी चालून दाखवल्या, टोकापासून टोकापर्यंत. दुपारी बाटल्या मला दिल्या. "सुकल्या तर ॲसिटोन घाला थोडं." रजिस्टर उघडं ठेवलं आणि जेवणाचा डबा धुवायला गेल्या.

नळाचा आवाज येत होता. मी पेन उचलला. माझं अक्षर मोठं आहे, ओळीत मावत नाही. नाव लिहिलं, बापाच्या नावासकट. मग वाटलं नाव पुरेसं नाही, म्हणून खाली लिहिलं, 'फोनवर नाही म्हणालो.' एवढं लिहायला घाम फुटला.

बाई आल्या, हात पदराला पुसले, वाचलं. शेजारी तारीख घातली, सही केली, रजिस्टर मिटून नव्या माणसाच्या टेबलावर ठेवलं. मला म्हणाल्या, "येते नाना." बस.

मी जिन्याच्या खिडकीत उभा राहिलो. फाटकावर इंदूबाई बसलेली होती. आता सून हार ओवते, इंदूबाई डाव्या हाताने फुलं निवडून देते. त्या वेळी सून गिऱ्हाइकाला सुटे द्यायला उठली होती आणि इंदूबाई अर्धा हार स्वतःच बांधायला बघत होती, दोऱ्याचं एक टोक दातात, दुसरं डाव्या हातात. गाठ सुटत होती. बाई रिक्षाला हात करायला निघालेल्या, त्या थांबल्या. खाली उकिडव्या बसल्या आणि दोरा मधोमध एका बोटाने दाबून धरला. इंदूबाईने डाव्या हाताने गाठ मारली. काही बोलणं झालं, मला ऐकू आलं नाही. मग बाई उठल्या आणि वर, माझ्या खिडकीकडे बघितलं. हात केला नाही, हसल्या नाहीत. सोमवारी पेन ठेवून बघायच्या तसं बघितलं.

रिक्षा गेली. खाली सून अजून सुटे मोजत होती आणि इंदूबाईने पुढचं फूल दोऱ्यावर ठेवलेलं, धरायला कोणी नव्हतं. मी लिफ्टची वाट न बघता जिना उतरायला लागलो.